तेवीस लाख अक्षरं

वऱ्हाडातल्या जुन्या हस्तलिखितांचा माग काढायला गेलं की हिरालाल नावाचे दोन गृहस्थ भेटतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. पहिले रायबहादूर हिरालाल. आर. व्ही. रसेल यांच्यासोबत मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये काढणारे. त्यांनीच १९२६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली. दुसरे प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे. या दोघांच्या वाटा एकाच गावात मिळतात. ते गाव म्हणजे कारंजा लाड, तेव्हा अकोला जिल्ह्यातलं आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यातलं.

नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंजा सगळ्यांना माहीत आहे. दत्तभक्तांची रीघ तिथे कायम असते. त्याच गावात बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची मंदिरं आहेत आणि प्रत्येकाचं आपापलं ग्रंथभांडार. इथल्या पोथ्यांवर काम झालं तेव्हा अपभ्रंश वाङ्मयाचं एक दालनच उघडलं. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ पुण्याचे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केलं आणि ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. पुढच्या तीनच वर्षांत ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ अशी एकेक पुस्तकं हिरालाल जैन यांच्या संपादनात आली. शेवटच्या काव्यात तेरापूरच्या लेण्यांचं वर्णन आहे. ती लेणी म्हणजे धाराशिवची, हे त्यांनी दाखवून दिलं. मराठवाड्यातल्या लेण्यांचा असा पत्ता वऱ्हाडातल्या पोथीमुळे लागला.

अभ्यासक मजकुराबद्दल लिहितात, ते ठीकच. पण ही पुस्तकं कुणीतरी हाताने घडवली होती आणि त्या घडवण्याचं कौतुक फारसं कुणी केलेलं नाही. पोथी लिहायची म्हणजे आधी कागद घोटायचा. गुळगुळीत दगडाने घासून घासून तो असा करायचा की बोरू कुठे अडू नये आणि शाई फुटू नये. दख्खनमध्ये या कामासाठी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाचं नाव होतं. काळी शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची, दिवसचे दिवस खलून केलेली. समासाच्या रेघा आणि अध्यायाची अखेर हिंगुळाने लाल. चूक झाली की वरून पिवळी हरताळ लावायची, वाळू द्यायची आणि त्यावरच पुन्हा लिहायचं. ताडपत्राच्या काळात मधल्या भोकातून दोरी जायची. कागद आला तशी दोरी गेली, तरी लेखक पानाच्या मध्यभागी तेवढी जागा मोकळी सोडत राहिले आणि तिथे लाल टिळा किंवा चौकट काढू लागले. गरज संपली आणि नक्षी उरली! सुटी पानं दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधायची. रोजच्या पाठासाठी मात्र शिवलेला छोटा गुटका असे. त्यात स्तोत्रं, व्रतकथा, आरत्या असं एका माणसाला लागणारं सगळं भरलेलं. आजचे चित्रकार हाताने शिवलेली चिमुकली पुस्तकं प्रदर्शनात मांडतात, त्यांनी हे गुटके एकदा पाहावेत.

लेखकाचा मोबदला अक्षरांवर मोजला जाई. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरायचा, मग मजकूर गद्य का असेना, आणि एकूण आकडा पोथीच्या शेवटी टाकायचा. त्याच जागी लेखकाला स्वतःबद्दल दोन शब्द बोलायची मुभा असे. पाठ मोडली, मान वाकली, डोळे खाली लागले, तेव्हा ही पोथी तेलापासून आणि पाण्यापासून जपा, सैल बांधू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशा अर्थाचं गाऱ्हाणं देशभरच्या पोथ्यांत सापडतं. ते ठरावीक सूत्र होतं, पण वेदना खोटी म्हणता येत नाही.

पोथ्या लिहून घेणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. व्रत पूर्ण झालं की उद्यापनात शास्त्रदान करायचं, म्हणजे त्या व्रताची कथा उतरवून मंदिराला किंवा मुनींना द्यायची. भाद्रपद शुद्ध दशमीच्या सुगंधदशमीचंच घ्या. मुनीला कडू भोपळ्याचा आहार देणाऱ्या राणीला पुढच्या जन्मी दुर्गंधी देह मिळतो आणि व्रताने तो दोष जातो, अशी ही कथा. कारंजाच्या बलात्कारगणाच्या परंपरेतला कवी जिनसागर याने ती अठराव्या शतकात मराठीत रचली आणि तिची एक सचित्र पोथी नागपूरच्या सेनगण मंदिरात राहिली. हिरालाल जैन यांनी ‘सुगंधदशमी कथा’ हे पुस्तक १९६६ मध्ये भारतीय ज्ञानपीठाकडून काढलं, तेव्हा अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतल्या कथा एकत्र आणल्या आणि त्या पोथीतली चित्रंही छापली. मराठी ग्रंथचित्रांचा इतिहास बहुधा शिळाप्रेसपासून सांगितला जातो. जिनसागराची ही पोथी पाहता तो निदान शंभर वर्षं मागे न्यायला हवा.

छापण्याचं तंत्र मात्र आपल्याकडे उशिरा आलं, आणि याचं नवल वाशीमच्या संदर्भात जास्तच वाटतं. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याच्या ३७व्या राज्यवर्षातला चार पत्र्यांचा ताम्रपट इथे १९३९ मध्ये मिळाला. थोडी संस्कृत, थोडी प्राकृत, अक्षरं तांब्यात नीट कोरलेली. असे ताम्रपट देशात शतकानुशतकं कोरले गेले. पण त्या खाचांत शाई भरून वर ओला कागद दाबावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. दानपत्राची प्रत एकच असावी लागे, हे कारण पटण्यासारखं आहे. मराठी मुलखात ते घडलं थेट १८०५ मध्ये. पुण्याच्या रेसिडेन्सीत चार्ल्स मॅलेटने एका तांबटाला कोरीव ठशांचं काम शिकवलं, नाना फडणविसांनी गीता छापायचं मनात घेतलं, आणि नाना गेल्यावर तो तांबट मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तांब्याच्या ठशांवरची ती गीता मिरजेत छापली गेली.

त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम ब्लेक तांब्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने उलटी अक्षरं आणि चित्रं काढत होता आणि आम्लात पत्रा बुडवून ती उठावदार करत होता. ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हे त्याचं १७८९चं पुस्तक तसंच झालं. छपाईत, रंग भरण्यात, पानं शिवण्यात बायको कॅथरिन बरोबरीने राबे. १७८२ मध्ये लग्नाच्या नोंदीत तिने सहीच्या जागी फुली मारली होती. कारंजाचे लेखक आणि ब्लेक यांना एकमेकांचा पत्ता असायचं कारणच नव्हतं, पण दोघांच्याही कोणत्याच दोन प्रती सारख्या नव्हत्या.

छापखाने रुळले तरी धर्मग्रंथ छापण्याला विरोध टिकला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं. शाईत चरबी असल्याचा संशय लोकांना नको म्हणून ते तूप वापरत. दिगंबर जैनांत तर हा वाद विसाव्या शतकापर्यंत चालला. त्या काळातली सर्वांत मोठी हस्तलेखनाची गोष्ट कारंजाला येऊन मिळते.

‘षट्खंडागम’ हा दिगंबरांचा आगमग्रंथ. त्यावरची ‘धवला’ ही वीरसेनाचार्यांची टीका नवव्या शतकातली. तिच्या जुन्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला, ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, आणि मंदिराबाहेर न नेण्याच्या अटीवर. विस्तार ७२ हजार श्लोकांचा मानतात. बत्तीसने गुणलं तर तेवीस लाखांवर अक्षरं! सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद यांनी पैसा उभा केला आणि १८९६च्या सुमारास नागरीत उतरवण्याचं काम सुरू झालं. काम करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने एक कन्नड प्रत गुपचूप वेगळी केली. याला चोरी म्हणायचं की ग्रंथाची सुटका, यावर मतं वेगळी असू शकतात. लक्ष्मीबाईंच्या हाताला मात्र दाद द्यायलाच हवी. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथे सीताराम शास्त्रींनी ती नागरीत उतरवली, आणि कच्चा खर्डा त्यांच्याकडे राहिला. त्यावरून त्यांनी पुन्हा पुन्हा प्रती केल्या. एक अमरावतीला पोचली, एक बिहारात आऱ्याला, एक कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात.

म्हणजे कारंजात बसून जो ‘धवला’ वाचत होता, तो ताडपत्रापासून किमान तीन हातांनी दूर होता. एका हाताने गाळलेली ओळ पुढच्याला दिसणार नाही, आणि एकाने चुकीचं वाचलेलं अक्षर दुसरा मन लावून सुबक काढणार. हिरालाल जैन यांच्या पुढ्यात हीच अडचण होती. मूळ ताडपत्र समोर नाही, आणि प्रती तीन असल्या तरी आजी एकच. त्यांनी अमरावती, आरा आणि कारंजा या प्रतींना अ, आ आणि क अशा खुणा दिल्या आणि पाठ जुळवायला घेतले. पहिला खंड अमरावतीहून १९३९ मध्ये निघाला, वाशीमचा ताम्रपट सापडला त्याच वर्षी. पुढे एकूण सोळा खंड झाले. छापील पानावर तळाशी जिथे जिथे ‘क’ येतं, तिथे कारंजाच्या प्रतीत काय लिहिलं होतं ते दिलेलं आहे, चुकलेलं असेल तर चुकीसकट.