एक पोत, अनेक दगड

शिंपी चौकडीच्या कापडाचा सदरा शिवतो, तेव्हा त्याचे कसब खिशापाशी कळते. छातीवरचा खिसा हा वेगळा तुकडा. पण शिंपी जाणता असला, तर सदऱ्याची रेघ खिशावरून न तुटता पुढे जाते आणि खिसा आहे हे दुरून ओळखूही येत नाही. संगणकावर आभासी जग उभारणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. वस्तू अनेक, एकमेकींना जोडलेल्या; त्यांच्यावर पोत एकच चढवायचा. तो सांध्यावर तुटू नये म्हणून काय करायचे? परभणी जिल्ह्यातल्या बारवांच्या आणि मंदिरांच्या त्रिमित प्रतिकृती मी घरच्या संगणकावर करीत असतो. हे शास्त्र मी कुठल्या संस्थेत शिकलो नाही. करता करता जे हाती आले ते हे. आणि या कामात मला पहिल्या प्रश्नापेक्षा दुसराच मोठा वाटत आला आहे. पोत सांध्यावर तुटावा की तुटू नये, हे ठरवायचे कशावरून?

आधी पोत म्हणजे काय ते पाहू. संगणकातली वस्तू हा नुसता सांगाडा असतो: बिंदू, कडा आणि पृष्ठभाग. त्यावर दगडाचे, लाकडाचे किंवा मातीचे चित्र चढवले की डोळ्यांना तो दगड वाटू लागतो. ही युक्ती एड कॅटमल यांनी युटा विद्यापीठातल्या १९७४ च्या प्रबंधात मांडली. पुढे पिक्सार ही चित्रपटसंस्था उभारणाऱ्यांपैकी ते एक. पृष्ठभागाच्या प्रत्येक कोपऱ्याला चित्रातली एक जागा नेमून द्यायची, एवढेच तिचे मर्म. चित्राची लांबी शून्य ते एक, उंचीही शून्य ते एक. वहीला कागदी कव्हर घालताना कागदाचा कोणता भाग कोणत्या कोपऱ्यावर येईल हे आपण ठरवतो, तसेच हे.

अडचण पुढे येते. लिंडन लॅबने २००३ साली सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात घर बांधायचे, तर ठोकळे एकमेकांना जोडून बांधायचे. एका जोडणीत २५६ पर्यंत ठोकळे बसतात आणि मग सारे घर एक वस्तू म्हणून उचलता येते. पण जोडणी झाली म्हणजे ठोकळे एकजीव झाले असे नव्हे. दगडाचे चित्र ओढून टाकले, तर ते एकाच ठोकळ्याच्या एकाच बाजूवर बसते. सगळी जोडणी निवडून चित्र दिले, तर ते सगळीकडे जाते खरे. पण प्रत्येक बाजूवर नव्याने, पहिल्यापासून. पाच मीटरच्या भिंतीवर एक अख्खे चित्र आणि शेजारच्या एक मीटरच्या खांबावरही तेच अख्खे चित्र. भिंतीचा दगड ताणलेला, खांबाचा चेपलेला, आणि सांध्यावर चित्र कापल्यासारखे.

यावरचा उपाय हिशेबाचा आहे. आपले चित्र खऱ्या मापाने दोन मीटर जागा व्यापते असे धरू. पाच मीटरच्या भिंतीवर ते अडीच वेळा यायला हवे, तिला लागून असलेल्या चार मीटरच्या भिंतीवर दोन वेळा. एवढ्याने माप जुळते, रेघ जुळत नाही. ‘सेकंड लाइफ’मध्ये चित्राची मोजणी पृष्ठभागाच्या मध्यापासून होते. पहिल्या भिंतीचा मध्य अडीच मीटरवर, दुसरीचा सात मीटरवर. अंतर साडेचार मीटर, म्हणजे सव्वादोन चित्रे. पूर्ण दोन सोडून द्यायची आणि उरलेल्या ०.२५ ने दुसऱ्या भिंतीवरचे चित्र सरकवायचे. रेघ सांध्यावरून पार निघून जाते. मला स्वतःला हा हिशेब वहीत करायला आवडतो; यंत्राने आपोआप जुळवले की का जुळले ते कळत नाही. एकच चित्र वापरण्यात काटकसरही आहे. शंभर ठोकळ्यांवर चढले तरी संगणकाला ते एकदाच स्मृतीत घ्यावे लागते.

दुसरा मार्ग अधिक सुंदर आहे. केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनी १९८५ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो मांडला: चित्र वरून चिकटवायचेच नाही. सगळ्या अवकाशातच पोत भरलेला आहे असे समजायचे आणि वस्तू त्यातून कापून काढायची. थाळीतल्या दुरंगी बर्फीच्या वड्या पाडल्या, तर प्रत्येक वडीवर रंगाची रेघ त्याच उंचीवर येते. ती जुळवावी लागत नाही. ‘ब्लेंडर’ या मोफत प्रणालीत यासाठी एक अदृश्य खूण रोवून ठेवतात आणि सगळ्या वस्तूंनी आपला पोत त्या खुणेपासून मोजायचा असे ठरवून देतात. मग वस्तू दोन असोत की दोनशे, पोत सगळ्यांतून अखंड वाहतो.

इथवर सगळे छान. पण आता वेरूळला जाऊ. तिथली सोळावी लेणी, म्हणजे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातली. ती बांधलेली नाही; डोंगराच्या एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेली आहे. खांब, भिंत, हत्ती, पायरी, सगळे मुळात एकच खडक. त्यामुळे कैलासाच्या प्रतिकृतीत शेकडो भाग असले, तरी त्यांच्यातून पोत अखंड वाहिलाच पाहिजे. इथे बर्फीची रीतच खरी. (कैलासावर एके काळी गिलावा आणि रंग होता, त्याचे अंश आजही दिसतात. तेव्हा आपण दाखवतो तो काळा कातळ नेमका कोणत्या शतकातला, हाही प्रश्न आहेच. असो.)

आमच्या जिंतूर तालुक्यातले चारठाणा नेमके याच्या उलट. तिथली मंदिरे, बारव, मानस्तंभ ही सगळी घडीव चिऱ्यांची बांधणी. ज्या शैलीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो (तिच्यातली पुष्कळ देवळे तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्याही आधीची आहेत), तिची ओळखच अशी, की चुना न वापरता दगडावर दगड, खाचेत खाच बसवायची. प्रत्येक चिरा वेगळा निघाला, वेगळा घडवला गेला, त्यावरच्या टाकीच्या खुणा त्याच्यापुरत्या. एका चिऱ्यावरची शीर शेजारच्या चिऱ्यावर पुढे चालू राहण्याचे कारणच नाही. इथे पोत सांध्यावर तुटणे हेच बरोबर आहे आणि तो अखंड दाखवणे चूक आहे.

आभासी जगाच्या पाठांत मात्र सांधा दिसणे हा दोष मानतात. तो नियम डोळे झाकून लावला, की चिऱ्यांची बारव साच्यातून ओतल्यासारखी दिसते. अशी चित्रे आता भ्रमणध्वनीवर हातोहात फिरतात. ती पाहणाऱ्या मुलाला बारव कोरलेली वाटते, आणि ज्या पाथरवटांनी चिरा चिऱ्याला भिडवून पाण्याच्या कडेला शतकानुशतके उभा ठेवला, त्यांची सगळी करामत नाहीशी होते. चुन्याविना बांधकामात कसब असते ते सांध्यात. तोच आपण पुसतो.

म्हणून चारठाण्याच्या बारवेसाठी चित्र एकच, पण प्रत्येक चिऱ्याला त्याचा वेगळा तुकडा, अशी रीत मी वापरतो. ‘ब्लेंडर’ प्रत्येक वस्तूला शून्य ते एकमधला एक यादृच्छिक आकडा देतो. त्या आकड्याने चित्र सरकवले, की प्रत्येक दगड आपापला दिसतो आणि स्मृतीवर भारही पडत नाही. त्यासाठी चिरे मात्र वेगळ्या वस्तू म्हणूनच ठेवावे लागतात. सगळे वितळवून एक केले, की आकडाही एकच उरतो. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गोल बारवेत आणखी एक भर पडते. एकाच दिशेने चित्र टाकले, तर वळणावर ते ताणले जाते. म्हणून प्रत्येक चिऱ्याची दिशा त्या चिऱ्याबरोबर फिरवावी लागते. काम वेळखाऊ आहे, पण पाथरवटानेही वळण तसेच, एकेक चिरा घडवून साधले होते.

राहिला प्रश्न आज जागेवर नसलेल्या दगडांचा. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे बारावे कलम म्हणते, की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी जुळावा, तरी मुळापासून वेगळा ओळखू यावा. संगणकीय प्रतिकृतींसाठीची लंडन सनद (२००६, सुधारित २००९) त्याच दिशेची आहे: जे दाखवले ते आजचे, पुराव्याने उभे केलेले की केवळ तर्काचे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. पोताची एकसंधता इथे सगळ्यात धोक्याची, कारण उभा दगड आणि कल्पनेतला दगड ती सारखाच करून टाकते. माझ्या प्रतिकृतीत म्हणून दोन जोडण्या आहेत. पहिलीत जागेवर असलेले चिरे, त्यांच्या छायाचित्रांवरून घेतलेल्या पोतासह. दुसरीत मी तर्काने घातलेले चिरे, पोताविना, नुसते फिकट राखाडी. एक कळ दाबली की दुसरी जोडणी नाहीशी होते आणि बारव आज आहे तेवढीच उरते.