यंत्रांनाही दुभाषी लागतो

आपल्याकडे आजी मराठीत विचारते, नातू कन्नडमध्ये उत्तर देतो आणि कुणाचे अडत नाही. यंत्रांचे मात्र अडते. ड्राइव्ह एका कंपनीचा, कंट्रोलर दुसरीचा. बोली जुळली नाही तर धडधाकट लेथही पडून राहते. उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपना हे परवडणारे नाही. मी भाषेचा प्राध्यापक, म्हणून 'लिनक्ससीएनसी' मला दुभाष्यासारखे वाटते.

अमेरिकेतील 'निस्ट' या सरकारी संस्थेच्या १९९० च्या दशकातील कामातून हे मोफत सॉफ्टवेअर वाढले. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. १९७९ सालची 'मॉडबस' बोली त्याला येते. तीत कंट्रोलर एकेका उपकरणाला हाक मारतो आणि ते उत्तर देते. स्पिंडलचा वेग सांगायला एवढे पुरते. पण मिलिसेकंदाच्या तालावर अक्ष हलवायला ती संथ पडते. तिथे २००३ मध्ये आलेली 'इथरकॅट' कामी येते. एकच संदेश सर्व ड्राइव्हमधून धावतो. प्रत्येक जण आपला मजकूर उचलतो, उत्तर त्यातच ठेवतो. लिनक्ससीएनसीला ती बोलता यावी म्हणून लागणारा जोडभाग हौशी जाणकारांनी लिहिला आहे.

म्हणून ड्राइव्ह घेताना किमतीआधी विचारावे : याला कोणती बोली येते? ती सर्वांना खुली असेल, तर उद्या कंट्रोलर बदलला तरी यंत्र मुके होणार नाही.