मधली फळी (भाग 7) : चेंडू परत आणणारा माणूस

मागच्या आठवड्यात आपण ग्लेन हॉडलचे लांब पल्ल्याचे पास पाहिले. हॉडलच्या पायाशी मुळात चेंडू येतो कुठून, हा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला. समोरचा संघ काही तो ताटात वाढून देत नाही. कुणीतरी मागून धावत जाऊन, पाय घालून, प्रसंगी नडगीवर लाथ खाऊन तो मिळवलेला असतो आणि लगेच चार पावलांवर उभ्या असलेल्या हॉडलकडे सरकवलेला असतो. 1986च्या विश्वचषकात इंग्लंडसाठी ही हमाली पीटर रीड करत होता.

आपल्याकडे ज्यांना हे नाव आठवतं, त्यांना ते दोनपैकी एका कारणाने आठवतं. पहिलं म्हणजे मॅराडोनाच्या त्या अजरामर गोलाची चित्रफीत. तिच्यात सुरुवातीलाच चकवा खाऊन मागे मागे पडत जाणारा, पांढऱ्या शर्टातला बुटका खेळाडू तो हाच. दुसरं कारण 2014चं. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या मोसमात मुंबई सिटी एफसीचा प्रशिक्षक म्हणून रीड नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये उभा असायचा. दोन्ही आठवणी फारशा कौतुकाच्या नाहीत. मग 1985 साली इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी स्वतः मतं देऊन वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून याच माणसाला कसं काय निवडलं? त्याच वर्षी फुटबॉल पत्रकारांनी आपला पुरस्कार एव्हर्टनचाच गोलरक्षक नेव्हिल साउथॉलला दिला होता. त्यात काही चूक नव्हती, साउथॉल त्या वर्षी अफाटच खेळला. पण रीडला मत देणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या मोसमात त्याच्यासमोर नव्वद मिनिटं काढली होती. पाय त्यांचे दुखले होते.

रीडचा जन्म 20 जून 1956चा, लिव्हरपूलला लागून असलेल्या ह्यूटनचा. कामगारांची वस्ती, आणि घर लिव्हरपूल क्लबचं भक्त. व्यावसायिक फुटबॉल मात्र त्याला मिळालं बोल्टनमध्ये. 1974 साली तो बोल्टन वाँडरर्सकडून पहिला सामना खेळला आणि 1978 साली बोल्टनने दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा मधल्या फळीतला तो हुकमी खेळाडू होता. मोठ्या क्लबांचं लक्ष त्याच्याकडे गेलं होतं. एवढ्यात 1979चा नववर्षदिन उजाडला. समोर एव्हर्टन, मैदानावर बर्फ, आणि सुटलेल्या चेंडूसाठी झेपावताना रीडची थेट गोलरक्षकाशी धडक झाली. गुडघा गेला. नंतरही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. पुढची तीन-चार वर्षं मैदानापेक्षा दवाखान्यातच जास्त गेली. डिसेंबर 1982मध्ये एव्हर्टनने त्याला विकत घेतलं ते 60 हजार पौंडांना. त्याआधी याच्या दहापट रकमेची बोलणी झाली होती. सव्विसाव्या वर्षी हा खेळाडू बाजाराच्या लेखी मोडीत निघाला होता.

आता मोडीतल्या या मालात प्रशिक्षक हॉवर्ड केंडॉलला काय दिसलं असेल, ते समजण्यासाठी थोडं तंत्र बघावं लागेल.

त्या काळातले इंग्लिश संघ 4-4-2 अशा मांडणीत खेळायचे. मधल्या फळीत चौघे, त्यांपैकी दोन कडेला आणि दोन मध्यभागी. म्हणजे सुमारे सत्तर यार्ड रुंदीच्या मैदानाचा कणा दोघांच्या भरवशावर. यातला एक चेंडूवर गेला की दुसऱ्याने जागा धरायची. चुकून दोघेही गेले की मागे नुसतं मोकळं रान. चेंडू हिसकावणं म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन समोरच्याला आडवा करणं, असा एक समज आहे. ते दिसायला झकास आणि प्रेक्षकांना आवडणारं, पण चांगला मध्यरक्षक शक्यतो ते टाळतो. आडवा पडलेला माणूस दोन-तीन सेकंद खेळाबाहेर जातो. खरं काम त्याआधीच होतं. समोरच्याच्या चांगल्या पायाची वाट बंद करायची, त्याला कडेच्या रेषेकडे रेटायचं, मान वर करायला फुरसत द्यायची नाही. कबड्डीत मध्यरक्षक चढाईवाल्याला कोपऱ्यात ढकलत नेतो आणि पाय पकडून टाळ्या मात्र कोपरारक्षक घेतो, त्यातलाच प्रकार.

रीड वेगवान कधीच नव्हता, आणि गुडघ्यानंतर तर नव्हताच. पण दहा-पंधरा यार्डांच्या टापूत कोण कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं, त्यामुळे धावावं कमी लागायचं. चेंडू मिळाला की तो मिरवण्याची हौस नसायची. जवळच्या सहकाऱ्याला सोपा पास, आणि स्वारी पुढच्या भांडणाला तयार. तिसरी गोष्ट म्हणजे तोंड. रीड सामनाभर बोलत असायचा. सहकाऱ्यांशी, प्रतिस्पर्ध्यांशी, पंचांशीसुद्धा. केंडॉलला मैदानावर आपला एक आवाज हवा होता, तो त्याला 60 हजारांत मिळाला. माझ्या मते त्या दशकातला इंग्लंडमधला हा सगळ्यात स्वस्त सौदा असावा.

याचं फळ लगेच दिसलं नाही. जानेवारी 1984मध्ये केंडॉलची खुर्ची डळमळत होती, प्रेक्षक उघड चिडलेले होते. 18 जानेवारीला लीग कपच्या उपउपांत्य फेरीत एव्हर्टन ऑक्सफर्डच्या छोट्याशा मैदानावर 1-0 ने मागे होतं, आणि ऑक्सफर्ड तेव्हा तिसऱ्या श्रेणीतला संघ. शेवटची काही मिनिटं उरलेली. ऑक्सफर्डच्या केव्हिन ब्रॉकच्या पायाशी चेंडू होता आणि रीड त्याच्या अंगावर गेला. घाईत ब्रॉकने न बघताच गोलरक्षकाकडे पास मागे दिला, तो कमी जोराचा पडला, एव्हर्टनच्या एड्रियन हीथने तो गाठला आणि गोल केला. नोंदवहीत लिहिलं गेलं ते हीथचं नाव. ब्रॉकच्या डोक्यावर तर तो पास जन्मभराचा बसला. रीडच्या त्या आठ-दहा पावलांना कुठलाही रकाना नाही. फेरसामना एव्हर्टनने 4-1 असा जिंकला आणि त्याच वसंतात वॉटफर्डला 2-0 हरवून एफए कपही पटकावला. एका पासने क्लबचं नशीब पालटलं असं एव्हर्टनचे लोक सांगतात. हे जरा गोष्टीवेल्हाळपणाचं आहे, पण मलाही ते सांगायला आवडतं.

पुढचा मोसम, 1984-85, हा रीडच्या आयुष्याचा माथा. शेजारी पॉल ब्रेसवेल, उजवीकडे ट्रेव्हर स्टीव्हन, डावीकडे केव्हिन शीडी. चौघांची भट्टी अशी जमली की एव्हर्टनने 90 गुण मिळवत, दुसऱ्या क्रमांकापेक्षा 13 गुण पुढे राहून लीग जिंकली. कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीत 24 एप्रिलला घरच्या गूडिसन पार्कवर बायर्न म्युनिकशी गाठ पडली. पहिला सामना गोलशून्य सुटलेला, आणि इथे मध्यंतराला बायर्न पुढे. उत्तरार्धात एव्हर्टनने तीन गोल चढवले. तो सामना आज बघितला तर खेळ कमी आणि मारामारी जास्त वाटते. आजच्या पंचांनी निम्मे खेळाडू घरी पाठवले असते. रीड अशा सामन्यांत खुलायचा. 15 मे रोजी रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला 3-1 हरवून करंडक घरी आला, आणि तिसऱ्याच दिवशी वेम्ब्लीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एफए कपची अंतिम लढत होती.

त्या लढतीत रीडचं नाव इतिहासात गेलं, तेही दुसऱ्याच्या गुन्ह्यामुळे. युनायटेडच्या एका चुकलेल्या पासवर झडप घालून तो मोकळ्या जागेत सुसाट निघाला होता, तेवढ्यात केव्हिन मोरनने त्याला उडवला. पंच पीटर विलिस यांनी मोरनला बाहेरचा रस्ता दाखवला. एफए कपच्या अंतिम सामन्यात मैदानाबाहेर काढला गेलेला तो पहिला खेळाडू. गंमत अशी की दहा जणांनिशी खेळणाऱ्या युनायटेडनेच जादा वेळेत नॉर्मन व्हाइटसाइडच्या गोलवर सामना मारला.

मग 29 मे आला. ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या युरोपियन कप अंतिम सामन्याआधी प्रेक्षकांमध्ये हाणामारी झाली, भिंत कोसळली आणि 39 माणसं मेली. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. एव्हर्टन विजेता म्हणून युरोपियन कप खेळणार होतं, ते राहिलंच. 1987 साली पुन्हा लीग जिंकली, पुन्हा दार बंद. रीडसारख्या खेळाडूचं नाव इंग्लंडबाहेर फारसं का पोहोचलं नाही, याचं मोठं कारण मला या बंदीत दिसतं. ज्या रंगमंचावर युरोपने त्याला बघितलं असतं, तो रंगमंचच त्याच्या वाट्याला आला नाही. उरला तो एक विश्वचषक.

तिथेही तो सुरुवातीला राखीवच होता. मोंटेरेमध्ये इंग्लंड पोर्तुगालकडून हरलं, मोरोक्कोशी गोलशून्य बरोबरी झाली. त्याच सामन्यात कर्णधार ब्रायन रॉब्सनचा खांदा निखळला आणि रे विल्किन्सने पंचांच्या दिशेने चेंडू भिरकावून लाल कार्ड ओढवून घेतलं. प्रशिक्षक बॉबी रॉब्सनपुढे मधली फळी नव्याने उभी करण्याशिवाय पर्याय नव्हता. रीड आला, स्टीव्हन आला. उजव्या बचावात गॅरी स्टीव्हन्स होताच आणि पुढे गॅरी लिनेकर. म्हणजे संघातली एक अख्खी बाजू एव्हर्टनची झाली. ही माणसं वर्षभर रोज एकमेकांबरोबर खेळत होती, कुणी कुणाला काही समजावण्याची गरज नव्हती. पोलंडविरुद्ध लिनेकरने मध्यंतराआधीच हॅट्ट्रिक केली. पॅराग्वेवरही 3-0. लिनेकरचे गोल सगळ्यांना पाठ आहेत. हॉडलला त्या दोन सामन्यांत मान वर करून बघायला एवढा वेळ कसा मिळत होता, ते कुणी विचारत नाही.

22 जून, मेक्सिको सिटी, अझ्टेका, समोर अर्जेंटिना. समुद्रसपाटीपासून 2200 मीटरहून जास्त उंची, सामना सुरू भर दुपारी बारा वाजता. रीडचा तिसावा वाढदिवस दोनच दिवसांपूर्वी झालेला. 51व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने घातलेला तो गोल झाला आणि इंग्लंडचे खेळाडू धुमसतच होते, तोच चार मिनिटांनी मॅराडोनाला स्वतःच्या अर्ध्या भागात, मध्यरेषेजवळ चेंडू मिळाला. पाठ इंग्लंडच्या गोलकडे. एका बाजूने इंग्लंडचा बिअर्डस्ली, दुसऱ्या बाजूने रीड.

चित्रफीत इथे थांबवून बघा. चेंडू हिसकावणाऱ्याला याहून चांगली संधी नसते. समोरच्याची पाठ आपल्याकडे, दोघांत एकटा सापडलेला, गोल पन्नास-साठ यार्ड लांब. नियम असा की तो वळायच्या आत त्याला गाठायचं, नाहीतर सरळ पाडायचं. इतक्या लांब फ्री किक दिली तर काही बिघडत नाही. मॅराडोना चेंडूवर पाय ठेवून गर्रकन फिरला आणि दोघांच्या मधून निसटला. रीडला हात लावण्याइतकाही वेळ मिळाला नाही. मग तो मागे धावतो, आणि चेंडू पायाशी असलेला माणूस मोकळ्या माणसाला मागे टाकत जातो. पुढे बचावपटू बुचर चुकला. फेनविकला आधीच पिवळं कार्ड मिळालेलं, त्यामुळे तो पाय घालायला कचरला असणार. गोलरक्षक शिल्टन चुकला. या साखळीत रीडला जास्त दोष देणं मला पटत नाही, पण सगळ्यांत स्वस्तात तो गोल थांबवण्याची जागा त्याचीच होती, हेही खरं. थोड्या वेळाने त्याला काढून ख्रिस वॉडलला उतरवलं. इंग्लंडसाठी तो एकूण 13 सामने खेळला, आणि जगाला त्यातले दहा-अकरा सेकंद माहीत आहेत.

एव्हर्टननंतर क्वीन्स पार्क रेंजर्स, मग मँचेस्टर सिटी. सिटीमध्ये नोव्हेंबर 1990पासून तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता आणि संघ लागोपाठ दोन मोसम पाचवा आला. 1995 ते 2002 सुंदरलँड हा त्याच्या प्रशिक्षकपदाचा सुवर्णकाळ. खालच्या श्रेणीतून संघ वर काढला, 1997 साली पुन्हा खाली गेला, 1999 साली तेव्हाच्या विक्रमी 105 गुणांनी परत वर आणला आणि मग प्रीमियर लीगमध्ये सलग दोनदा सातवा क्रमांक. केव्हिन फिलिप्सने त्यातल्या पहिल्या मोसमात 30 गोल केले. पडेल चेहऱ्याच्या रीडला हसवण्यासाठी तिथल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर गाणंही रचलं होतं.

पुढे लीड्स, कोव्हेंट्री, थायलंडचा राष्ट्रीय संघ. 2010 साली प्लिमथ आर्गाइलला गेला तर क्लब कर्जात बुडालेला, कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले. तेव्हा रीडने 1986च्या एफए कपमधलं आपलं उपविजेतेपदाचं पदक मदतीसाठी लिलावात काढलं. क्लबने सप्टेंबर 2011मध्ये त्यालाच काढून टाकलं.

मुंबईत तो आला तेव्हा आयएसएल म्हणजे नेमकं काय, हे मुंबईलाही माहीत नव्हतं. दोन महिन्यांत 14 साखळी सामने, देशोदेशीचे खेळाडू, सरावाला आठवडे मोजके. फ्रेडी ल्युंगबर्ग दुखापतींनी बेजार, निकोला अनेल्का बंदीमुळे सुरुवातीच्या सामन्यांना मुकलेला. पहिला सामना कोलकात्यात 3-0 ने गेला. पण 18 ऑक्टोबरला नेरुळला समोर एफसी पुणे सिटी आलं आणि मुंबईने 5-0 असा फडशा पाडला. आंद्रे मोरित्झची त्यातली हॅट्ट्रिक ही या स्पर्धेतली पहिली. मुंबई-पुण्याच्या वादात फुटबॉलचीही भर पडली, याचं श्रेय काही अंशी या ह्यूटनच्या माणसाला द्यायला हरकत नसावी. तो जोर मात्र टिकला नाही. आठ संघांत मुंबई सातवी आली आणि पुढच्या मोसमात प्रशिक्षकपद अनेल्काकडे गेलं. ज्या मधल्या फळीने सामने बांधायचे, ती दोन महिन्यांत जमत नाही. एव्हर्टनमध्येही रीडला घेतल्याचं फळ दिसायला पहिलं वर्ष जावंच लागलं होतं.

पुढच्या भागात : मोरोक्कोच्या सामन्यात खांदा निखळलेला कर्णधार, ब्रायन रॉब्सन.