बसलेला रुग्ण आणि भूल

आपल्या भिंगारला लागून असलेल्या अहमदनगर शहराला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत खापरी नळांनी पाणी आणले गेले. ते नळ घालणाऱ्यांना उंचीचा हिशेब चुकवून चालत नव्हते. पाणी वर चढवायचे तर दाब खर्ची पडतो. म्हणूनच वरच्या मजल्यावरचा नळ खालच्यापेक्षा बारीक वाहतो. रक्तालाही हाच नियम लागू आहे. खांद्याच्या शस्त्रक्रियेत भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याची फार काळजी वाहावी लागते. ती का, हे आज आपण पाहू.

पुष्कळशा शस्त्रक्रिया रुग्णाला आडवे निजवून होतात. खांद्याचे मात्र थोडे वेगळे आहे. सांध्यात दुर्बीण घालून फाटलेला स्नायुबंध शिवायचा असेल, तर रुग्णाला आरामखुर्चीत टेकल्यासारखे बसवण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. खांदा पुढून-मागून मोकळा मिळतो, हात हवा तसा फिरवता येतो, हाताला ताण देऊन नसा ओढल्या जाण्याचे भय कमी होते आणि रक्तस्रावही कमी होतो. शस्त्रवैद्याच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. तिची किंमत मात्र मेंदूच्या खाती पडू शकते.

आपण अंथरुणातून उठून बसतो तेव्हा थोडे रक्त पायांकडे उतरते. जागेपणी शरीर लगेच सावध होते, रक्तवाहिन्या आवळते आणि नाडी जलद करते. भुलेत ही राखण ढिली पडते. त्यात मेंदू आता हृदयाच्या वर असतो. दर सेंटीमीटर उंचीला पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर दाब घटतो. दंडावरचा पट्टा सरासरी दाब ७० दाखवीत असेल आणि मेंदू तेथून २५ सेंटीमीटर वर असेल, तर मेंदूशी तो जेमतेम ५० उरतो. पट्टा पोटरीवर बांधला असेल तर फसगत अधिकच, कारण पोटरी हृदयाच्या खाली असल्याने आकडा फुगून येतो. यंत्र खोटे बोलत नाही. मोजले कुठे, हे आपण विसरतो.

ही भीती पुस्तकी नाही. २००५ मध्ये अमेरिकेत अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. बसवून खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांच्या मेंदूला किंवा मज्जारज्जूला रक्त अपुरे पडल्याने इजा झाली होती. असे प्रसंग विरळ आहेत, पण घडले म्हणजे भरून निघत नाहीत.

येथे दोन गरजांची ओढाताण होते. दुर्बिणीतून स्वच्छ दिसावे म्हणून शस्त्रवैद्याला रक्तदाब कमी हवा असतो. मेंदूला तो पुरेसा हवा असतो. भूलतज्ज्ञाने मेंदूची बाजू सोडता कामा नये. म्हणून रुग्णाला एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने उठवतात. शिरेतून द्रव देतात. पायांना दाबपट्ट्या बांधतात. गरजेनुसार दाब वाढवणारे औषध देतात आणि मेंदूच्या उंचीचा हिशेब करूनच आकडा वाचतात. मान सरळ ठेवून डोके नीट बांधतात, डोळ्यांवर दाब येऊ देत नाहीत. हृदयाच्या वरची शीर उघडी राहून तिच्यात हवा शिरू नये, हेही पाहावे लागते.

मानेशी सुई देऊन खांद्याच्या नसा बधिर केल्या, तर पूर्ण भूल हलकी देता येते आणि नंतरच्या वेदनाही कमी होतात. पण त्याने त्या बाजूचा श्वासपटल काही तास दुबळा होतो, म्हणून ज्याची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत त्याच्या बाबतीत विचार करावा लागतो. नुसत्या बधिरीवर जागा बसलेल्या रुग्णाचीही नाडी कधी कधी एकाएकी मंदावते आणि तो मूर्च्छित होऊ शकतो.

मग आपण काय करावे? आपल्याला रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा पूर्वी अर्धांगाचा झटका असेल तर तो लपवू नये. रोजच्या गोळ्यांची नावे लिहून न्यावी. रक्तदाबाची कोणती गोळी त्या दिवशी घ्यावी आणि कोणती टाळावी, हे डॉक्टरांनाच विचारावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने एकही बंद करू नये. आपला नेहमीचा रक्तदाब किती, हे त्यांना ठाऊक असले म्हणजे तो किती खाली जाऊ द्यायचा, हे ठरवणे त्यांना सोपे जाते. शस्त्रक्रिया कोण करणार, हे आपण आवर्जून विचारतो. भूल कोण देणार, हेही तितक्याच आवर्जून विचारावे, असे आम्हांस वाटते.