मशेरीने दात स्वच्छ होतात का?

तव्यावर तंबाखू काळा पडेपर्यंत भाजायचा, कुटून डबीत भरायचा आणि सकाळी बोटाने दातांवर फिरवायचा. महाराष्ट्रातल्या खेड्यांत, विशेषतः बायकांमध्ये, मशेरी अजूनही दात घासण्याचे साधन समजली जाते. खरे तर ते व्यसन आहे. दात दिवसातून दोनदा घासले की पुरते. मशेरी मात्र वारंवार लागते, कारण ती ओढ निकोटिनची असते. ‘पण दाढदुखी थांबते ना,’ असे कोणी म्हणेल. क्षणभर बधिर वाटतही असेल, पण कीड आत पोखरतच राहते, डॉक्टरकडे जाणे लांबते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

1992 साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार? मशेरी सोडायची तर ब्रश-पेस्टचा खर्च आला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरी मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट एवढ्यावर भागते. हिरडीच्या कडेने दोन मिनिटे हलक्या हाताने ब्रश फिरवावा (जोर लावल्याने हिरड्या मागे सरतात), मग फेस थुंकावा आणि लगेच खळखळून चूळ भरू नये, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते.