मोहोर आणि फळ

हॉकी म्हटले की आपल्याला हिरवे मैदान आठवते. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. तेथील खेळाडू पात्याचे बूट घालतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती टोलवतात. नॅशनल हॉकी लीग ही तेथील सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्यातील संघ दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडून घेतात. मागे पडलेल्या संघांची पाळी साधारणपणे आधी येते. संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदलही करतात. कधी तर खेळाडूऐवजी पुढच्या वर्षीची पाळीच देऊन टाकतात!

समजा, तुमच्या संघात एक गुणी मुलगा आहे. दुसरा संघ त्याच्या बदल्यात नावाजलेला खेळाडू द्यायला तयार आहे. तुम्ही हा सौदा कराल का?

कोकणात काही व्यापारी मोहोर पाहूनच आंब्याच्या बागेचा सौदा करतात. मोहोर टिकला तर नफा, गळला तर तोटा. नव्या खेळाडूचेही तसेच असते. नावाजलेल्या खेळाडूने किती गोल केले, हे कागदावर दिसते. पण तिशी ओलांडली की वेग कमी होऊ लागतो. म्हणून तो आणखी किती वर्षे चांगला खेळेल, हे पाहावे लागते. शिवाय २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा आहे. नव्या खेळाडूचा पहिला करार स्वस्त असतो. त्यामुळे कमी पगारात चांगला खेळणारा तरुण फार मोलाचा ठरतो.

२०१३ साली वॉशिंग्टनच्या संघाला घाई झाली होती. त्याने अठरा वर्षांचा फिलिप फोर्सबर्ग नॅशव्हिलला दिला आणि मुख्यतः एकतीस वर्षांच्या मार्टिन एरॅटसाठी हा सौदा केला. एरॅटने तेथे साखळी सामन्यांत फक्त दोन गोल केले. फोर्सबर्ग पुढे नॅशव्हिलसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

मग तरुणाला कधीच सोडू नये का? थांबा. १९९१ साली क्वेबेकच्या संघाने सर्वांत आधी एरिक लिंड्रॉसला निवडले. असा धिप्पाड आणि कुशल मुलगा क्वचितच मिळतो, असे सारे म्हणत. पण त्याने क्वेबेककडून खेळायला साफ नकार दिला. अखेर १९९२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला घेतले. बदल्यात सहा खेळाडू, पहिल्या फेरीतील दोन पाळ्या आणि दीड कोटी डॉलर मोजले! त्या सहांत स्वीडनमध्ये खेळणारा पीटर फोर्सबर्ग होता. (आडनाव तेच, पण फिलिपशी त्याचे नाते नाही.)

लिंड्रॉस खरोखरच मोठा खेळाडू झाला. १९९५ मध्ये त्याला सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळाला. पण डोक्याला वारंवार दुखापती झाल्या आणि स्टॅन्ली चषक त्याच्या हाती कधीच लागला नाही.

इकडे पीटर फोर्सबर्ग चमकू लागला. मिळालेल्या एका पाळीतून जोसलीन तिबो हा तरुण गोलरक्षक आला होता. डिसेंबर १९९५ मध्ये संघाने तिबोसह तीन खेळाडू देऊन तीस वर्षांचा नामवंत गोलरक्षक पात्रिक रुआ आणि आणखी एक अनुभवी खेळाडू घेतला. येथे तरुण देऊन अनुभवी घेणे माझ्या मते अगदी योग्य होते, कारण बाकीचा संघ तयार होता. उणीव होती ती भक्कम गोलरक्षकाचीच. १९९६ च्या जूनमध्ये या संघाने चषक जिंकला.

पण तेव्हा तो क्वेबेकचा संघ राहिला नव्हता. पैशाअभावी १९९५ मध्येच तो विकला गेला आणि अमेरिकेतील डेन्व्हर शहरात गेला. चषकाची मिरवणूकही तेथेच निघाली.