मार्चअखेरचा गठ्ठा आणि गावचा वाचक

सरपंच, वाचनालयाचे चिटणीस आणि वाचायची आवड असलेले शेतकरी बंधू, आज थोडं तुमच्या गावच्या पुस्तकांच्या कपाटाविषयी बोलू. अनुदान आलं, ३१ मार्च तोंडावर आला, की शहरातल्या दुकानात जायचं आणि एका खेपेत गठ्ठा बांधून आणायचा, ही बऱ्याच ठिकाणची रीत. बिलं जुळतात, नोंदवही भरते. पुस्तकं मात्र कोरीच्या कोरी राहतात. मग "गावात वाचतंय कोण?" म्हणून आपणच हात झटकतो.

गावात वाचतात हो. पण प्रत्येक प्रकारच्या पुस्तकात वाचणारा काहीतरी वेगळं शोधत असतो आणि ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

पोथीचंच घ्या. श्रावणात लावणी उरकली की 'हरिविजय' किंवा 'नवनाथ भक्तिसार' लावतात. कथा सगळ्यांना पाठ. पुढं काय होणार हे कळावं म्हणून तिथं कुणी बसत नाही. तिथं लागतो तो मोठा, ठसठशीत टाइप. वाचणारा बहुधा वयस्कर, दिवा लांब, आणि ओवी मोठ्यानं म्हणायची असते. पाचपन्नास रुपये वाचवायला बारीक अक्षरांची प्रत आणलीत, तर ती कपाटातच राहिली म्हणून समजा.

शेतीच्या पुस्तकाचं गणित निराळं. तिथं मापं पाहिजेत. भाताची चारसूत्री पद्धत बघा. तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, अंतर राखून लावणी आणि युरिया-डीएपीची गोळी, ही ती चार सूत्रं. पण एवढ्यावर शेतात काम होत नाही. अंतर १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून ठेवायचं, जवळच्या चार चुडांच्या मधोमध गोळी खोचायची, असं लिहिलेलं असेल तरच पुस्तक बांधावर येतं. "योग्य प्रमाणात खत द्यावे" हे वाक्य वाचून शेतकरी पुस्तक मिटतो. योग्य म्हणजे किती, हेच तर विचारायला तो आलेला असतो!

या पुस्तकांत आणखी एक गोष्ट पाहायची, ती छपाईचं साल. कादंबरी जुनी झाली तरी चालते, फवारणीचं पुस्तक चालत नाही. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली बंदी घातली. त्याआधीची पुस्तकं तुमच्या कपाटात असतील, तर एकदा चाळून बघा आणि असला सल्ला असलेली बाजूला काढा. पोलीस भरतीच्या पुस्तकांचंही तसंच. गेल्या सालची आवृत्ती पोरं हातात घेत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

चरित्रात मात्र शेतकऱ्याला आपलं दुखणं दुसऱ्यानं कसं सोसलं ते पाहिजे असतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं. माणूस अमेरिकेतला, गुलामगिरीत जन्मलेला. तरी मराठी घरांत ते चाळीस वर्षांवर वाचलं जातंय. कापूस घेऊन घेऊन निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्या, असं सांगणारा हा शास्त्रज्ञ. १९०६ पासून शेतीचे धडे गाडीत घालून खेडोपाडी पोचवायची व्यवस्था त्यानं केली. शेतकरी शाळेत येत नसेल तर शाळाच बांधावर न्यायची! ही बाब आपल्या कृषी सहाय्यकांनीही वाचावी अशी आहे.

आणि आपल्याच मातीतलं पुस्तक असलं तर वाचक फार कडक असतो. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली निघालं. ते जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याचं. तो डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला, पण या लढ्याला वळण मिळालं ते आपल्या टिटवाळ्यात, जानेवारी १९४५ च्या किसान सभेच्या परिषदेत. वेठ बंद करा, गवतकापणीला वाजवी दर द्या, या त्यांच्या मागण्या. ५०० पौंड गवताला अडीच रुपये हा त्यांनी मागितलेला दर. ज्यानं गवताचे भारे वाहिलेत त्याला हा आकडा लगेच समजतो. असं पुस्तक वाचताना तो गावांची नावं, दर, कामाची पद्धत तपासतो. एक जरी चुकलं तरी पुढच्या पानावरचा त्याचा विश्वास उडतो. कथा-कादंबरीलाही तो हीच कसोटी लावतो. लेखकाला चिखलणी ठाऊक नसली तर भाषा कितीही गोड असो.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून मराठी पुस्तकं जमवतंय. मराठीत छापलेलं शक्य तेवढं सगळं गोळा करायचं, ही तिथली मूळ कल्पना. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. त्यांच्यासारखा साठा करणं आपल्याला परवडणारं नाही आणि गरजही नाही. एका कपाटाच्या गावाला निवडूनच घ्यावं लागतं. त्यापेक्षा डोंबिवलीतल्या पुस्तक आदान-प्रदानाची तऱ्हा आपल्याला जवळची. वाचून झालेलं पुस्तक द्यायचं आणि दुसरं न्यायचं. शेजारच्या दोन-तीन गावांनी वर्षातून एकदा असं केलं तर खर्च काहीच नाही. शिवाय लोक कोणतं पुस्तक देऊन टाकतात आणि कोणतं घरी ठेवून घेतात, ते चिटणिसांना आयतंच कळेल.

ग्रंथालय संचालनालयामार्फत भेट येणारी पुस्तकं वर ठरतात, त्यात आपला फारसा हात नसतो. पण वाचनालयाची स्वतःची खरेदी कमिटी ठरवते. आणि वाचनालय चालवणं ग्रामपंचायतीच्या कामांतही येतं, तेव्हा भाऊसाहेबांनीही हे मनावर घ्यावं. दारात एक साधी वही टांगा, 'हवी असलेली पुस्तके' म्हणून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं चिटणिसांनी लिहून घ्यावं. पोथी ऐकायला बसणाऱ्या बायांचं तर आवर्जून. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा. तिथून मार्चअखेरपर्यंत दोन महिने मिळतात. दुकानात जायला तेवढे पुष्कळ झाले.